दुसरा थर्मास

आमच्या घरी दोन थर्मास होते. एक चहाचा, दुसरा माझा. माझ्या थर्मासच्या कानाला आईने लाल दोरा बांधून ठेवला होता. एकदा पाहुणे आले तेव्हा वहिनीने घाईत त्यातच चहा भरला आणि मी ओरडले. मी तो दर वेळी तीनदा उकळत्या पाण्याने धुते, हे नंतर कोणी ऐकून घेतलं नाही. त्या दिवसापासून त्याची जागा न्हाणीतल्या फळीवर, फिनेलच्या बाटलीशेजारी.

त्या थर्मासमधून मी कापलेल्या म्हशींच्या ओव्हऱ्या आणायचे.

२०११ ते २०१३ अशी दोन वर्षं मी अकोल्यात एम.व्ही.एस्सी. करत होते. गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या काठापासून दोन कोसांवर. शनिवारी गावी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने म्हैसांगमार्गे परत. शहराबाहेरचा कत्तलखाना वाटेत पडायचा, तिथेच उतरायचे. म्हणून थर्मास घरी.

माझं काम असं होतं: म्हशीची अंडपेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची, काही दिवसांनी पुन्हा उबेवर आणायची, काचेच्या बशीत तिचं फलन करायचं आणि भ्रूण कुठवर वाढतो ते बघायचं. बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते दोन दिवस हसत होते. पारावर जाऊन त्यांनी जाहीर केलं, "आमची पोरगी म्हशीचे अंडे उबवून रायली." पुढचे सहा महिने गावात मला कोणीही भेटलं की पहिला प्रश्न, "काय व बाई, फुटलं काय अंडं?"

पण बाबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाय-म्हैस भरवायला येणारा माणूस मोटरसायकलला कंटेनर लटकावून येतो, झाकण उघडलं की धूर निघतो आणि त्यातून काडी काढून तो डोस भरतो, हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. "रेड्याचं गोठते, तं म्हशीचं कावून नाई गोठत?" बाबा म्हणाले. माझ्या गाइडनेही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, फक्त इंग्रजीत.

वीर्य गोठवण्याची किल्ली इंग्लंडमध्ये १९४९ साली सापडली, तीही चुकून. बाटल्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली, साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरीन पडलं आणि कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जिवंत राहिले. तीन-चार वर्षांत गाईगुरांचं वीर्य गोठवणं जमलं. १९७३ साली केंब्रिजला गोठवलेल्या भ्रूणापासून वासरू झालं. अंडपेशीने मात्र दाद दिली नाही. गोठवलेल्या गाईच्या अंडपेशीपासून वासरं झाल्याचं जपानी संशोधकांनी कळवलं ते १९९२ साली. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला होता.

कारण साधं आहे. शुक्राणू म्हणजे डोकं आणि शेपटी, आत पाणी जवळपास नाहीच. शिवाय एका काडीत ते लाखो असतात. निम्मे मेले तरी काम भागतं. अंडपेशी एकटी. मिलिमीटरच्या आठव्या हिस्स्याएवढी, डोळ्याला धुळीच्या कणासारखी दिसेल न दिसेल. पण पेशींच्या हिशेबात ती रांजण आहे, पाण्याने भरलेला. पाणी गोठलं की बर्फाचे सुईसारखे स्फटिक होतात आणि आतून सगळं फाडतात. त्यात गाईम्हशींच्या अंडपेशीत चरबीचे थेंब ठासून भरलेले असतात, म्हशीच्या इतके की सूक्ष्मदर्शकाखाली ती काळपट दिसते. थंडी लागली की ही चरबी पाण्याच्या आधीच बिघडते. "म्हैस हाये ना ती," बाबा म्हणाले, "दुधात तूप, अंड्यातबी तूप." शास्त्रात हे बसत नाही, पण माझ्या डोक्यात ते कायमचं बसलं.

आता गाय सोडून म्हैस का, हा खुलासा करायला हवा, कारण मूळ विषय गाईचाच ठरला होता. जगभर या कामाला अंडपेशी मिळतात त्या कत्तलखान्यातून. गायींच्या ओव्हऱ्या पिशव्या भरभरून. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद आहे. तेव्हा म्हशीशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि म्हशीची ओव्हरी कंजूष. गाईची बदामाएवढी, हिची जेमतेम बोराएवढी. गाईच्या एका ओव्हरीतून अंडपेशी काढत बसावं लागतं. म्हशीच्या ओव्हरीमागे चांगली म्हणावी अशी एखाददुसरी मिळाली तरी तो दिवस बरा.

आईने यावर कधी काही म्हटलं नाही. बाबा एकदाच बोलले, हात धुता धुता, माझ्याकडे न बघता. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्याच अंजनगाव तालुक्यात. "ज्या बाबानं देवापुढचं बोकड सोडवलं, त्याच्या मुलखातली पोरगी सोमवारी सकाळी खाटीकखान्यात जाते." मी म्हटलं, "बाबा, मी गेले नाही तरी ती म्हैस कापलीच जाणार आहे." ते म्हणाले, "हे तं कोणीबी म्हणते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कत्तलखान्यात काम वीस मिनिटांचं. तिथले एक वयस्कर चाचा पोटातून पिशवी काढून बाजूला टाकायचे, मी कात्रीने दोन्ही ओव्हऱ्या सोडवायचे, कोमट सलाइनमध्ये धुऊन थर्मासमध्ये. पहिल्या दिवशी मी ओकले. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मला आकड्यांपलीकडे काही दिसेनासं झालं, आणि याचीच मला नंतर जास्त भीती वाटली. चाचा मला "डॉक्टरबाई" म्हणायचे आणि इतर कोणाच्या आधी माझं काम उरकून द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "इसका करते क्या हो?" मी सांगितलं. ते सुरी पुसत म्हणाले, "मतलब यहाँ से निकाल के वहाँ जिंदा करते." मी म्हटलं, "कोशिश करते."

लॅबमध्ये आल्यावर सुई-सिरिंजने ओव्हरीवरच्या पाण्याच्या फोडांतून द्रव ओढायचा आणि तो बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसायचं. चांगली अंडपेशी ओळखायची खूण म्हणजे तिच्याभोवतीचं पेशींचं आवरण. काढली त्या दिवशी ते घट्ट असतं, न उमललेल्या बोंडासारखं. ३८.५ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये बावीस-चोवीस तास ठेवलं की दुसऱ्या दिवशी तेच बोंड वेचणीला आल्यासारखं फुललेलं. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला ते बघून आनंद होणारच. मी दर वेळी तेवढ्यापुरती थांबायचे. मग तो कापूस सोलून काढायचा, कारण गोठवताना तो आड येतो, आणि आत चकचकीत काळपट गोळी उरायची. तिच्या कडेला एक अगदी बारीक बुडबुडा चिकटलेला दिसला की ती पक्व झाली.

गोठवण्याची आमची तऱ्हा म्हणजे काच करणं. गोठू न देता इतक्या झपाट्याने थंड करायचं की पाण्याला स्फटिक बांधायला वेळच मिळू नये. कडक पाक थंड फरशीवर ओतला की जसा काचेसारखा घट्ट होतो, तसं. त्यासाठी आधी पेशीतलं पाणी शक्य तितकं बाहेर काढायचं आणि त्याच्या जागी इथिलीन ग्लायकॉलसारखी रसायनं आत शिरू द्यायची. हे बाबांना कसं सांगावं याचा मला घोर होता, पण ते त्यांनीच मला सांगितलं.

आमचं वावर खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळी, कसदार. खालचं पाणी खारं. विहीर भरलेली असते आणि पीक मात्र पावसावर. तरुणपणी बाबांनी एका दुष्काळात हट्टाने विहिरीचं पाणी मिरचीला दिलं होतं. "पायाशी पाणी असून झाडं दोन दिवसांत सुकली," ते म्हणाले. "खारं पाणी झाडाले पाणी देत नाई, झाडातलंच ओढून घेते. तुह्या त्या साखरपाण्यानं तेच होत असन."

तेच होतं. कडक द्रावणात टाकली की अंडपेशी डोळ्यांदेखत आक्रसते, बाजूने खळगा पडतो, पंक्चर झालेल्या चेंडूसारखी होते. आणि उबेवर आणल्यावर तिला एकदम साध्या पाण्यात सोडलं तर ती पाणी ओढून फुगते आणि फुटते. म्हणून साखरेच्या उतरत्या द्रावणांतून पायरी-पायरीने आणायचं. पुस्तकात यावर पंधरा पानं आहेत. माझ्या प्रबंधाच्या आभारात मी बाबांच्या मिरचीचा उल्लेख करणार होते, पण सरांनी तो काढायला लावला.

इथिलीन ग्लायकॉलसारखी ही रसायनं विषारी असतात. पहिल्या सौम्य द्रावणात मिनिटभर, दुसऱ्या कडक द्रावणात २५ सेकंद. तीस नाही. त्या पंचवीस सेकंदांत बारीक नळीने अंडपेशी उचलायची, इवल्याशा थेंबात ठेवायची, तो थेंब काडीच्या टोकाने उचलायचा आणि काडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवायची. काडीसुद्धा साधी चालत नाही. १९९८ साली डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या वाय्टा नावाच्या हंगेरियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वीर्याची नेहमीची पाव मिलीची काडी घेतली, ती गरम करून मऊ केली आणि दोन्ही टोकं धरून ताणली. काडी मधोमध बारीक झाली, भिंत निम्म्याने पातळ झाली, तिथे कापली. एवढंच. अशा काडीत थेंब मिनिटाला वीस हजार अंशांच्या वेगाने थंड होतो. मी हे वाचलं तेव्हा मला एवढं हायसं वाटलं! लाखांचं यंत्र नाही, हॉटप्लेट आणि दोन हात. सिंगल फेजवर चालणारं विज्ञान. पहिल्या आठवड्यात मी ऐंशी काड्या ताणल्या, त्यातल्या नऊ कामाच्या निघाल्या आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना फोड आले.

पण डेन्मार्क आणि अकोला यांत एक फरक आहे. कृती लिहिणाऱ्याने "खोलीच्या तापमानाला" असं लिहिलेलं असतं. त्याची खोली २५ अंशांची. आमची खोली मे महिन्यात, कूलर लावून, ३६. बाहेर पंचेचाळीस. गरमीत रसायनं पेशीत जास्त वेगाने शिरतात आणि विषही जास्त वेगाने भिनतं. एप्रिलपासून माझ्या अंडपेशी पटापट मरायला लागल्या आणि मला महिनाभर कळेना काय चुकतंय. द्रावणं बदलली, हात बदलले (मैत्रिणीकडून करवून घेतलं), शेवटी एके रात्री लाइट नव्हती म्हणून काम लांबलं आणि पहाटे चार वाजता गोठवलेल्या नऊच्या नऊ नीट निघाल्या. थर्मामीटर बघितला: २७. त्यानंतर उन्हाळाभर मी पहाटे तीनला लॅब उघडायचे. वॉचमनने माझ्या घरच्यांचा नंबर मागून घेतला होता.

"नीट निघाल्या" हा शब्दही जपून वापरावा लागतो. सर म्हणायचे, "गोल दिसते म्हणून जिवंत लिहू नकोस." उबेवर आणल्यावर दहातल्या आठ-नऊ अंडपेशी पुन्हा गोल, चकचकीत दिसतात. मग त्यांना शुक्राणू लावा. बऱ्याच जणींचं कवच गोठण्याने टणक झालेलं असतं; शुक्राणू बाहेर नुसते डोकं आपटत राहतात. आत शिरले तरी गुणसूत्रांना ओढून धरणारे सूक्ष्म दोर थंडीने विस्कटलेले असतात, ते पुन्हा नीट बांधले गेले तरच पुढची गोष्ट. ताज्या अंडपेशींतून गाईचे शंभरात तीसएक भ्रूण सातव्या दिवसापर्यंत पोचतात. गोठवलेल्यांचा आकडा बहुतेक ठिकाणी दहाच्या आतबाहेर, आणि म्हशीचा त्याहून खाली. माझ्या वहीत पानंच्या पानं शून्यांची आहेत. दिवाळीच्या पाडव्याला मी गावी होते आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर संपलं. निघताना काटा बघायला मी विसरले होते. सहा आठवड्यांचं काम गेलं. ते शून्य पूर्णपणे माझं.

मग भुरी.

भुरी हे तिचं नाव आणि तीच तिची जात. आमच्या पूर्णाकाठी म्हैस काळी असते तशी भुरीही असते. फिकट, राखेत दुधाचा हात फिरवल्यासारखी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. खारं पाणी पिते, कुटार-कडब्यावर भागवते, उन्हात मान टाकत नाही. दूध वेळेला तीन-साडेतीन लिटर, फार नाही, पण लोणी काढणाऱ्याला विचारा. आमच्या गोठ्यात ती माझ्या दहावीपासून होती. सहावं वेत पोटात होतं.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. रात्री अकराला भावाचा फोन आला: म्हैस संध्याकाळपासून कळा देते, पण काही दिसत नाही. गावातल्या डॉक्टरांनी हात घालून बघितलं, पिशवीला पीळ पडलाय. त्यांनी फळी लावून दोनदा उलटवली, पीळ सुटेना. रात्री एसटी नाही. वर्गातल्या एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले. पिशवीत काय काय भरलं ते आठवतं: लांब हातमोजे, दोर, कॅल्शियम, सलाइन. आणि लाल दोऱ्याचा थर्मास. तो त्या आठवड्यात लॅबवर होता. मी तो गरम पाण्याने धुतला, उकळून कोमट केलेलं सलाइन त्यात भरलं, झाकण लावलं. हे सगळं करताना मी स्वतःला काय सांगत होते, ते मात्र मला आठवत नाही.

दीड वाजता पोचलो. भुरी आडवी पडलेली. पुन्हा पाय बांधले, पोटावर फळी, त्यावर भाऊ उभा, आम्ही चौघांनी दोराने उलटवलं. तिसऱ्या वेळेला माझ्या हाताखाली पीळ सैल झाल्यासारखा वाटला. वाट अर्धी उघडली. आत पारडू गार होतं. तिला कॅल्शियम लावायचं म्हणून मी पिशवीत हात घातला तेव्हा थर्मास आधी हातात आला. कंदिलाच्या उजेडात बाबांनी तो पाहिला. दोरा पाहिला.

"म्हंजे तुले मालूम होतं," ते म्हणाले.

मी कॅल्शियमची बाटली शोधत राहिले. पाचच्या सुमाराला भुरीने मान टाकली. कोणी काही बोललं नाही. आईने तिच्या कपाळावर हळद-कुंकू लावलं आणि ती आत गेली. थोड्या वेळाने बाबा मित्राला म्हणाले, माझ्याशी नाही, "तिले म्हणा, काय घ्यायचं ते घे. मंग आम्ही खड्डा करतो."

मी घेतलं. सव्वासहा वाजले होते. नदीला पाणी होतं, म्हैसांगच्या पुलावर आम्ही थांबलो नाही. सव्वाआठला लॅबमध्ये होते. दोन्ही ओव्हऱ्यांतून सात अंडपेशी निघाल्या, चारच चांगल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोंडं फुलली. सोलल्यावर तिघींना तो बारीक बुडबुडा होता.

सरांनी बशी बघितली आणि म्हणाले, "ताज्या आहेत, आजच फलन कर. गोठवून घालवू नकोस." त्यांचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. पण आमच्या कंटेनरमध्ये वीर्य होतं ते मुऱ्हा या काळ्या जातीचं. गावोगावच्या भुऱ्या म्हशी मुऱ्हाच्या डोसांनीच काळ्या होत चालल्या होत्या. दूध वाढतं म्हणून लोक भरवतात, त्यांचंही चुकत नाही. भुरीच्या शेवटच्या तीन अंडपेशींना मुऱ्हा लावायचा तर मी रात्री तो थर्मास भरला कशाला? भ्रूण गोठवायचा तर बाप आज ठरवावा लागतो. अंडपेशी गोठवली तर तो पुढे कधीतरी ठरवता येतो. एवढ्या एका गोष्टीसाठी जगभर लोक या अवघड कामाच्या मागे लागलेत, आणि मला ती प्रबंधात लिहूनही तोवर कळली नव्हती. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काड्या चांगल्या निवड."

तीन काड्या. कंटेनरमधल्या त्यांच्या कप्प्यावर मी पिवळी चिठ्ठी लावली.

कोर्स संपला, मला अमरावती जिल्ह्यात नोकरी लागली. फोनवर बाबांचा एक प्रश्न ठरलेला, हवापाण्यासारखा: "भुरी कशी हाये?" मी म्हणायचे, "थंड आहे." ते हसायचे नाहीत, पण विचारणं सोडलं नाही. तो थर्मासचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

२०१४ च्या जानेवारीत अनोळखी नंबरवरून फोन आला. चाचा. "डॉक्टरबाई, वो भुरा हेला बोले थे ना? एक आया है. बिल्कुल सफेद." मी हे त्यांना कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. मी धावत गेले. रेडा कापल्यावरही त्याच्या अंडकोशांना चिकटलेल्या गुंडाळीत जिवंत शुक्राणू असतात; ते बर्फावर आणून, गाळून गोठवता येतात. लॅबमधल्या ज्युनिअर पोरांनी मदत केली, चौदा काड्या झाल्या. चाचांना पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "इसका बच्चा हुआ तो दिखाने लाना." मग स्वतःच म्हणाले, "नहीं, यहाँ मत लाना."

फेब्रुवारीत दोन दिवसांची रजा टाकली. भुरीच्या तिन्ही अंडपेशी एकदमच उबेवर काढायच्या ठरवल्या, कारण बशीत भ्रूण एकटा नीट वाढत नाही, सोबत लागते. काडीचं टोक कोमट द्रावणात टेकवलं की थेंब सुटतो आणि अंडपेशी खाली उतरते. पहिली फुटली होती, कवचाला सरळ चीर. दुसरी गोल. तिसरी गोल. दोन तासांनी दोघींना भुऱ्या रेड्याचे शुक्राणू लावले.

रजा संपली, मी परत गेले. तिसऱ्या दिवशी ज्युनिअरने मोबाइलवर फोटो पाठवला, सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला कॅमेरा टेकवून काढलेला, हललेला. एक तशीच होती. दुसरीचे चार भाग झाले होते. चौथ्या दिवशी आठ.

तोवर भ्रूण आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चालत असतो. गाईम्हशींत आठ ते सोळा पेशींच्या मुक्कामाला त्याला स्वतःची चूल पेटवावी लागते, त्याची स्वतःची जनुकं पहिल्यांदा तिथे बोलायला लागतात. गोठवणीत शिदोरी सांडली असेल तर ते इथे उघडं पडतं. पाचव्या दिवशी आठ. सहाव्या दिवशी आठ. सातव्या दिवशी कडा विरघळायला लागल्या. पोराने तो फोटो पाठवला नाही, नुसतं लिहिलं, "मॅडम, अरेस्ट."

रविवारी गावी जाऊन बाबांना सांगितलं. ते तुरीचं कुटार भरत होते.

"आठ म्हंजे आठ पारडं?"

"नाही. एकाच जिवाचे आठ तुकडे. वाढायला लागला होता."

"मंग?"

"थांबला."

"किती दिवस होता?"

"वाढत होता चार दिवस."

त्यांनी टोपलं उचललं. "चार तं चार," म्हणाले आणि गोठ्यात गेले.

आता बरंच बदललंय. कापलेल्या जनावरावर अवलंबून राहायला नको. जिवंत गाईम्हशीच्या ओव्हरीपर्यंत अल्ट्रासाउंडच्या आधाराने सुई नेऊन अंडपेशी काढता येतात, ती पुन्हा चरायला जाते. कर्नालला २०१० साली याच रीतीने साहिवाल गाईचं वासरू झालं होतं. आता महाराष्ट्रातही गाईवर हे काम होतं, म्हणजे माझा मूळ विषय आज निघाला असता. अंडपेशीच्या गोठवणीचे आकडे तेव्हापेक्षा बरे आहेत, मात्र ज्याच्याकडे ताजी अंडपेशी आणि हवा तो बाप हाताशी आहे, त्याला मी आजही गोठवू नको असंच सांगेन. भुऱ्या रेड्याच्या काड्या अजून आहेत. चौदातल्या अकरा. मादीकडून काही उरलं नाही.

आणि जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोने आमच्या म्हशीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, पूर्णाथडी या नावाने. मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "आता नाव देलं? बरं केलं." जरा वेळाने: "हायेत किती, ते लिहिलं काय?"

तेव्हापासून ते दर आठवडी बाजारात गुरांच्या ओळीतून एक फेरी मारतात. वय झालंय, गुडघे दुखतात, घेणं-विकणं काही नसतं. फेरी झाली की पिंपळाखाली बसून मला फोन लावतात. मी कामात असते, कधी एखाद्या म्हशीच्या आत कोपरापर्यंत हात असतो, फोन कंपाउंडर कानाला लावून धरतो.

"आज चार," बाबा म्हणतात. "एक गाभण हाये. मालकाचं नाव लिहून घेतलं."